कुवानाची 'हाशी' आणि नागोयाची 'हाशी' : दोन रेषांच्या मधली जपानी बोली

मुळाकाठचा

पुण्यात चार वर्षे संध्याकाळच्या वर्गांना जाऊन मी जपानी शिकलो, एन-थ्री परीक्षा उत्तीर्ण झालो आणि गेल्या जूनपासून नागोयाजवळच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणीच्या विभागात नोकरी करतो आहे. भाषेच्या बाबतीत आपण फारसे अडणार नाही अशी माझी समजूत होती. ती पहिल्याच आठवड्यात मोडली. विभागातील ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एका टेबलाकडे बोट दाखवून "त्सुकुए, त्सुत्ते" असे सांगितले. (हा 'त्सु' आपल्या 'चूल'मधल्या दंत्य 'चू'सारखा उच्चारावा.) 'त्सुरु' या क्रियापदाचे मला ठाऊक असलेले अर्थ दोनच होते, टांगणे आणि गळ टाकून मासे पकडणे. मी छताकडे पाहू लागलो. तोवर त्यांनी टेबलाचे एक टोक उचलून धरले होते आणि दुसरे टोक मी उचलावे म्हणून ते थांबले होते.

दुसरा प्रसंग दूरध्वनीवरचा. पलीकडच्या व्यक्तीने "बुच्यो, मिएमासु का" असे विचारले. बुच्यो म्हणजे विभागप्रमुख आणि 'मिएरु' म्हणजे दिसणे, इतके पाठ होते. म्हणून "साहेब दिसत आहेत का" या प्रश्नाला मी मान वळवून, साहेब खुर्चीत आहेत याची खात्री करून, "हाय, मिएमासु" असे उत्तर दिले. शेजारच्या तिघांनी हसू दाबले, परंतु चूक कोणती झाली हे कोणीही सांगितले नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत कोड्यात टाकणारी वाटते. आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन गावांची माणसे बसतात. ज्येष्ठ सहकारी नागोयाचे आहेत, एक जण पूर्वेकडच्या ओकाझाकीचा आहे आणि एक जण पश्चिमेकडच्या कुवानाचा. नागोयाचे गृहस्थ वाक्याच्या शेवटी 'दा' म्हणतात, कुवानाचा 'या' म्हणतो आणि ओकाझाकीचा दर दुसऱ्या वाक्याला 'दारा' जोडतो. मात्र "मला माहीत नाही" असे म्हणताना तिघेही 'शिरानाई' हे पुस्तकी रूप सोडून 'शिरान' म्हणतात. कुवानाच्या सहकाऱ्याने एकदा जेवणाच्या काड्या मागितल्या, तेव्हा 'हाशी' या शब्दाचे पहिले अक्षर त्याने खालच्या आणि दुसरे वरच्या पट्टीत उच्चारले. वर्गात आम्हाला याच्या नेमके उलट शिकवले होते. खालून वर जाणारा 'हाशी' म्हणजे पूल, असे आम्ही घोकले होते.

नागोयाची बोली ही टोकियो आणि क्योतो यांच्या मधोमध असल्यामुळे झालेली सरमिसळ आहे, की तिचे स्वतःचे असे काही आहे? आणि नागोयाहून कुवानाला रेल्वेने जाण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात; तेवढ्या अंतरात शब्दाचा चढउतार उलटापालटा कसा होतो? 'दर बारा कोसांवर भाषा बदलते' ही म्हण आपण सर्व जण वापरतो, परंतु तिच्यात बदल हळूहळू होत जातो असे गृहीत धरलेले असते. इथे मात्र मध्ये एखादी भिंत असावी असे वाटते.

यात्तोकामे

मी २२ वर्षे नागोयात राहते आणि भाषांतराचे काम करते. माझे टोपणनावच नागोयाच्या बोलीतले आहे. 'यात्तोकामे' याचा शब्दशः अर्थ 'ऐंशीवा दिवस' असा होतो आणि "फार दिवसांनी भेट झाली" असे म्हणण्यासाठी तो वापरतात. आता तो वृद्धांच्या तोंडी, मिठाईच्या दुकानांच्या पाट्यांवर आणि माझ्यासारख्या हौशी परदेशी माणसांकडेच शिल्लक आहे.

आपण सांगितलेला टेबलाचा प्रसंग इथे आलेल्या प्रत्येक परक्या माणसाच्या वाट्याला येतो, त्यात टोकियोहून बदली होऊन आलेले जपानी लोकही आले. नागोयाचा आईची प्रांत आणि शेजारचे गिफू व मिए या तिन्ही प्रांतांत दोघांनी मिळून जड वस्तू उचलून नेण्याला 'त्सुरु' म्हणतात, आणि शाळेत झाडलोटीच्या वेळी बाके हलवताना हा शब्द मुलांच्या कानावर पडत असल्यामुळे तो बोलीतला आहे असा संशयही कोणाला येत नाही. असे 'प्रमाण समजले जाणारे' बोलीशब्द शोधणे हा माझा जुना छंद आहे. दोन तासांच्या मधल्या सुट्टीला आईचीत 'होओका' म्हणतात. इतर जपानमध्ये त्या शब्दाने शाळा सुटल्यानंतरची वेळ सुचते. सायकलला 'केत्ता' म्हणतात. दाराला कुलूप लावण्याला 'कागी ओ काउ' म्हणतात, आणि ते ऐकून टोकियोच्या माणसाला आपण किल्ली विकत घेण्यास निघालो आहोत असे वाटते, कारण 'काउ' म्हणजे त्याच्या लेखी खरेदी करणे. किटली सणसणीत तापली आहे हे सांगण्यासाठी इथे जो शब्द आहे तो मी लिहीत नाही. टोकियोत त्याचा अर्थ लहान मुलांच्या बोलण्यापुरताच ठेवलेला बरा.

'मिएरु'बद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण नोकरीत त्याची गरज रोज पडते. प्रमाण जपानीतही 'मिएरु'चा 'येणे' या अर्थी आदरार्थी वापर आहे. "पाहुणे आले आहेत" असे सांगताना तो चालतो. या तीन प्रांतांत मात्र तो 'असणे' या अर्थापर्यंत पसरला आहे आणि दुसऱ्या क्रियापदाच्या मागे सहायक म्हणूनही जोडला जातो. "तुम्हाला ठाऊक आहे का" हे आदराने विचारायचे तर "शित्ते मिएमासु का" असे म्हणतात. पलीकडचा माणूस "साहेब आहेत का" एवढेच विचारत होता. तुमची चूक उत्तरात झाली. बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या कचेरीतील माणसाला, तो कितीही वरिष्ठ असला तरी, आदरार्थी क्रियापद लावायचे नसते. तिथे 'ओरिमासु' हे नम्र रूप हवे. मराठीत आपण "साहेब मीटिंगमध्ये आहेत" असे बाहेरच्यालाही आदराने सांगतो आणि एकेरीत सांगितले तर ते उद्धटपणाचे वाटते, त्यामुळे ही चूक आपल्या लोकांकडून हमखास होते. गंमत अशी की हेच 'ओरु' क्रियापद नागोयातील घरगुती बोलण्यात नम्रही नसते आणि उद्धटही नसते. "आजी घरी आहे का" असे शेजारीण 'ओरु'नेच विचारते. 'असणे'साठी 'ओरु' वापरणे ही पश्चिम जपानची खूण आहे, टोकियोत तिथे 'इरु' येते.

आता बोलीचे स्वतःचे असे काय, हा आपला प्रश्न. माझे उत्तर 'तिचे स्वर' असे आहे. शब्दात 'आई' किंवा 'आए' असे दोन स्वर लागोपाठ आले की नागोयाचे, म्हणजे जुन्या ओवारी प्रांताचे लोक ते वितळवून एकच लांब स्वर करतात. चविष्ट या अर्थाचा 'उमाई' हा शब्द घ्या. जपानी लिपीत त्या वितळलेल्या स्वरासाठी चिन्ह नसल्यामुळे तो 'उम्याऽ' असा लिहितात, आणि ते वाचून साऱ्या देशाने नागोयाची माणसे मांजरासारखी 'म्याव म्याव' करतात अशी थट्टा चालवली आहे. प्रत्यक्षात तिथे 'य' नाहीच. तो स्वर म्हणजे आपल्या 'बॅट'मधला ॲ, लांबवलेला: उमॅऽ. 'नाही' या अर्थाचा 'नाई' होतो नॅऽ, आणि मुळ्याला 'दाइकोन'ऐवजी म्हणतात दॅऽकोन. इंग्रजी शब्दांसाठी आपण घडवलेली अर्धचंद्राची खूण नागोयाच्या भाजीबाजारात इतकी चपखल बसेल असे कोणाला वाटले असेल! 'ओई' आणि 'उई' यांचेही असेच दोन वेगळे स्वर होतात, परंतु त्यांच्यासाठी ओठांचा चंबू करून 'ए' आणि 'ई' म्हणावे लागते आणि ते देवनागरीच्याही आवाक्याबाहेर आहेत. प्रमाण जपानीच्या पाच स्वरांत हे तीन मिळवले की जुन्या ओवारी बोलीचे आठ स्वर होतात. हे क्योतोहूनही आले नाहीत आणि टोकियोहूनही नाहीत. 'आई'चा 'एऽ' करण्याची खोड टोकियोच्या खालच्या वस्तीतही आहे, परंतु तो साधा 'ए' असतो.

तरुण मुलांच्या बोलण्यात हे स्वर आता क्वचितच ऐकू येतात. तळलेल्या कोळंबीला इथे 'एबीफुऱ्याऽ' म्हणतात, ही एका दूरचित्रवाणी विनोदवीराने पसरवलेली गंमत आहे. 'फुराई' हा इंग्रजीतून आलेला शब्द असल्यामुळे स्थानिक माणूस त्याचा स्वर सहसा वितळवत नाही. हे वाक्य नागोयाच्या माणसासमोर म्हणून दाखवू नका. ते हसतील, परंतु त्यांना ते आवडत नाही.

शिक्षापाठ

स्वरांचे विवेचन उत्तम झाले आहे, म्हणून मी फक्त 'हाशी'कडे वळतो. पुण्यात वेदपाठशाळेच्या शेजारी वाढल्यामुळे मला जपानी आघात, म्हणजे शब्दातील अक्षरांचा चढउतार, समजण्यास आपल्या उदात्त-अनुदात्ताची (वरच्या आणि खालच्या स्वराची) मदत झाली, आणि ती कोणाही मराठी माणसाला होईल असे वाटते. टोकियोत जेवणाच्या काड्या म्हणजे 'हाशी' आद्युदात्त आहे, पहिले अक्षर वर आणि दुसरे खाली. पूल अंतोदात्त आहे. क्योतो-ओसाकाकडे काड्या खालून वर जातात आणि पूल वरून खाली येतो. आपल्याकडे 'इंद्रशत्रु' शब्दाचा स्वर चुकल्यामुळे वृत्राचा घात झाल्याची कथा आहे. इथे फार तर काड्यांऐवजी पूल मागितला जातो, आणि पुढ्यात भाताचा वाडगा असल्यावर कोणीही पूल आणून देत नाही.

कुवानाचा आघात क्योतो घराण्याचा आहे आणि नागोयाचा टोकियो घराण्याचा. या दोन घराण्यांमधली सीमा जपानमधल्या सर्वांत ठळक बोलीसीमांपैकी एक मानली जाते, आणि ती इबी नदीवर आहे. ती प्रथम काटेकोरपणे टिपणाऱ्यांपैकी प्रमुख नाव हात्तोरी शिरो यांचे; १९०८ मध्ये जन्मलेले हे भाषाशास्त्रज्ञ मिए प्रांतातील कामेयामाचे, म्हणजे कुवानापासून फार दूर नसलेल्या गावचे होते, आणि १९३० मध्ये त्यांनी या सीमेवर लेख प्रसिद्ध केला. स्वतःच्या गावचे शब्द पूर्वेकडे जाताना एका ठिकाणी एकदम उलटतात, हे त्याच गावच्या माणसाच्या कानाला सर्वांत आधी खटकावे यात नवल नाही.

आपण 'भिंत' असा शब्द वापरला आहे तो अगदी योग्य आहे, फक्त ती भिंत पाण्याची होती. किसो, नागारा आणि इबी या तीन मोठ्या नद्या तिथे एकमेकींच्या कुशीत समुद्राला मिळतात. जुन्या काळी त्यांचे प्रवाह एकमेकांत मिसळत, पूर येई, आणि शेतकरी गावाभोवती वर्तुळाकार बांध घालून त्याच्या आत राहत. एदोहून (आजच्या टोकियोहून) क्योतोला जाणाऱ्या तोकाइदो या हमरस्त्यावरही इथे पूल नव्हता. नागोयाजवळच्या मिया या मुक्कामापासून कुवानापर्यंत प्रवासी नावेने समुद्रातून जात, आणि त्या अंतरावरून त्या मार्गाचे नाव 'सात री'चा जलमार्ग असे पडले होते. सात री म्हणजे सुमारे २७ किलोमीटर, आपल्या हिशेबाने आठ-नऊ कोस. बारा कोसांची म्हण इथे पाण्यावर लागू पडली असे म्हणा. नद्या एकमेकींपासून वेगळ्या करण्याचे मोठे काम डच अभियंते योहानिस दे रायके यांच्या आराखड्यानुसार १८८७ मध्ये सुरू होऊन १९१२ मध्ये पुरे झाले; नागोया-कुवाना रेल्वे १८९५ मध्ये जोडली गेली, आणि रस्त्याचे मोठे पूल तर १९३० च्या दशकात झाले. म्हणजे माणसे सुखाने ये-जा करू लागून सव्वाशे वर्षेच झाली आहेत.

या सव्वाशे वर्षांत काय ओलांडून गेले आणि काय गेले नाही हे पाहण्यासारखे आहे. 'यात्तोकामे' यांनी सांगितलेले 'त्सुरु', 'केत्ता', 'मिएरु' हे सारे शब्द कुवानातही चालतात, कारण तिथली निम्मी कामे नागोयात असतात. आघात मात्र जागचा हलला नाही. शब्द एकेकटा उचलून नेता येतो. आघात ही हजारो शब्दांना एकदम बांधणारी व्यवस्था असल्यामुळे ती थोडी थोडी उसनी घेता येत नाही. २००४ मध्ये नदीपलीकडचे नागाशिमा हे गाव कुवाना शहरात विलीन झाले, तेव्हापासून एकाच नगरपालिकेत दोन आघात नांदत आहेत.

ओकाझाकीवासी

थोडक्यात एक हरकत नोंदवतो. 'आईचीची बोली' असे सरसकट म्हटलेले आमच्या बाजूला खपत नाही. आईची प्रांत दोन जुन्या प्रांतांचा मिळून झाला आहे. नागोया ओवारीत येते. ओकाझाकी, टोयोहाशी आणि टोयोटा शहर मिकावात. दोन्हींच्या मधून जी नदी वाहते तिचे नावच 'साकाइगावा', सीमानदी, असे आहे. मिकावात ते ॲऽकार नाहीत; इथला माणूस 'उमाई' असेच म्हणतो. इथली ओळख 'ज्यान, दारा, रिन' या तीन प्रत्ययांनी सांगतात. 'तुला पटतं ना' या अर्थी 'ज्यान', 'असेल, नाही का' या अर्थी 'दारा', आणि प्रेमाने दिलेल्या आज्ञेसाठी 'रिन'. "ताबेरिन" म्हणजे "खा हो, खाऊन घ्या". माझ्या घरमालकीणबाई पर्सिमन फळांची पिशवी दारात ठेवताना हाच शब्द वापरतात, आणि त्यात आपल्या आजीच्या 'घे गं बाळा'ची छटा असते, असे माझ्या पत्नीचे मत आहे. 'दारा' पूर्वेला शिझुओकापर्यंत ऐकू येतो. आज टोकियोच्या तरुणांचा समजला जाणारा 'ज्यान' हाही आमच्याच बाजूने शिझुओकामार्गे योकोहामाला आणि तिथून राजधानीत गेला असे मानतात. म्हणजे प्रभाव नेहमी मोठ्या शहरातून लहान गावाकडेच वाहतो असे नाही.

मुळाकाठचा

सर्वांचे मनापासून आभार. 'ओकाझाकीवासी' यांचा प्रतिसाद मी त्या गावच्या सहकाऱ्याला भाषांतर करून सांगितला, तेव्हा तो उठून उभा राहिला आणि त्याने नागोयाच्या गृहस्थांकडे विजयी मुद्रेने पाहिले.

एक उपप्रश्न आहे. मूर्ख या अर्थी टोकियोत 'बाका' आणि ओसाकात 'आहो' म्हणतात, हे वर्गात शिकलो होतो. इथे 'तावाके' ऐकतो. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सांगितले की 'ता' म्हणजे शेत आणि 'वाके' म्हणजे वाटणी. जो बाप मुलांमध्ये शेताचे तुकडे करून टाकतो तो मूर्ख, यावरून हा शब्द आला. गुंठ्यागुंठ्यांची वाटणी पाहिलेल्या घरातला असल्यामुळे मला ही व्युत्पत्ती फारच पटली. ती खरी आहे का?

नकाशाप्रेमी

पटण्यासारखी आहे, पण खरी नाही. 'तावाके' हे 'तावाकु' या जुन्या क्रियापदापासून झालेले नाम आहे, आणि त्या क्रियापदाचा अर्थ वेडेवाकडे वागणे, भलते चाळे करणे असा होता. शेतवाटणीची कथा मागाहून जोडलेली आहे. अशा कथा जपानी लोक आपल्याइतक्याच आवडीने रचतात.

शब्दापेक्षा त्याचे स्थान अधिक बोलके आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी ओसाकाच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाने 'आहो' आणि 'बाका' यांची सीमा कुठे आहे असा प्रेक्षकाचा प्रश्न हाती घेतला आणि शोध घेता घेता त्यांना दोन्हींच्या मध्ये 'तावाके'चा पट्टा सापडला. पुढे देशभर चौकशी झाली तेव्हा असे दिसले की क्योतोभोवती निंदेच्या शब्दांची वर्तुळे आहेत, आणि जो शब्द क्योतो या तेव्हाच्या राजधानीत जितका जुना, तो आज तितका दूर सापडतो. ही कल्पना मुळात लोकसंस्कृतीचे अभ्यासक यानागिता कुनिओ यांची. त्यांनी गोगलगायीच्या नावांवर १९३० मध्ये ग्रंथ लिहून, तळ्यात दगड टाकल्यावर लाटा पसराव्यात तसे शब्द क्योतोहून पसरत गेले, असे मांडले होते. त्या हिशेबाने 'तावाके' हे क्योतोनेच टाकून दिलेले आणि नागोयाने सांभाळून ठेवलेले नाणे आहे. यानागितांचा सिद्धान्त सगळ्याच शब्दांना लावता येत नाही, हे त्यांनाही पुढे मान्य करावे लागले. शिव्यांना मात्र तो छान लागू पडतो.

आता मूळ प्रश्न, सरमिसळ की स्वतंत्र. मला 'सरमिसळ' हा शब्द मान्य नाही, कारण त्यात दोन शुद्ध वस्तू आधी होत्या आणि मग कोणीतरी त्या ढवळल्या असे सूचित होते. जपान सरकारने नेमलेल्या भाषा चौकशी समितीने १९०६ मध्ये बोलींचा अहवाल प्रसिद्ध केला. देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करायचे झाले तर सीमा एच्चू, हिदा, मिनो आणि मिकावा या जुन्या प्रांतांच्या पूर्व कडेने ओढावी, असे त्यात म्हटले होते. ही रेषा व्याकरणावरून काढलेली होती. 'शिरानाई' संपून 'शिरान' सुरू होतो, 'इरु' संपून 'ओरु' सुरू होतो, ते साधारण याच बाजूला. म्हणजे व्याकरणाने ओकाझाकीसुद्धा पश्चिमेत जाते. आघाताची रेषा मात्र पार पलीकडे, इबी नदीवर. 'दा' आणि 'या' यांची रेषा तिसरीच. ती आईची आणि गिफू यांच्या मधून जाते, म्हणून गिफूचा माणूस आघात नागोयाचा ठेवून वाक्य 'या'ने संपवतो. एका बाजूला पश्चिमेचे व्याकरण आणि दुसऱ्या बाजूला पूर्वेचा आघात यांच्या मध्ये जो प्रदेश सापडतो त्यालाच बोलीतज्ज्ञ गिफू-आईची गट म्हणतात. दोन नावांची आद्याक्षरे घेऊन काही जण त्याला नुसते 'गिआ' म्हणतात. रेषा एकमेकींवर न पडल्यामुळे मधे उरलेली ही पट्टी आहे, आणि माझ्या मते तुमच्या जेवणाच्या टेबलावर तिचा नकाशाच मांडलेला असतो.

नदीच्या भिंतीबद्दल 'शिक्षापाठ' यांच्याशी मी सहमत आहे, परंतु उत्तरेकडे पाहिल्याशिवाय ती गोष्ट पुरी होत नाही. त्याच सीमेचे वरचे टोक सेकिगाहाराच्या खिंडीत आहे. तिथे पाणी नाही. नाकासेन्दो हा डोंगरातला हमरस्ता पायी चालणाऱ्यांना दोन्हीकडे नेत असे. मिनो आणि ओमी या प्रांतांच्या शिवेवर तर 'नेमोनोगातारी' नावाची वस्ती आहे. तिथली सीमा म्हणजे पायाखालून जाणारा एक ओहोळ, आणि दोन प्रांतांतल्या दोन खानावळी इतक्या लगत होत्या की अंथरुणावर पडल्या पडल्या भिंतीपलीकडच्या प्रांताशी गप्पा मारता येत, यावरून वस्तीला 'निजल्या निजल्या गोष्टी' या अर्थाचे हे नाव मिळाले. या भागात आघाताची सीमा कुवानासारखी धारदार नाही. सेकिगाहाराशेजारच्या तारुई या गावात तिसराच प्रकार आढळतो, आणि त्या गावावरून अशा आघाताला सगळीकडे 'तारुई पद्धत' म्हणतात. क्योतोत शब्द वरच्या पट्टीत सुरू होतो की खालच्या, याला महत्त्व असते. तारुईत ते महत्त्व गळून गेले आहे आणि आवाज शब्दात नेमका कुठे उतरतो एवढेच उरले आहे. दोन व्यवस्था शेजारी राहून रोज बोलू लागल्या की बारीक भेद झिजतात. दक्षिणेत पाणी होते म्हणून कडा शाबूत राहिली, उत्तरेत रस्ता होता म्हणून ती झिजली.

शिक्षापाठ

उत्तम मुद्दा. एक पुरवणी जोडतो, कारण क्योतोचा आघात 'बिघडलेला' असे कुवानाच्या सहकाऱ्याला कोणी म्हणू नये. ११ व्या-१२ व्या शतकाच्या सुमाराच्या 'रुइजु म्योगिशो' या कोशात जपानी शब्दांना आघाताच्या खुणा ठिपक्यांनी दिलेल्या आहेत. भाषाशास्त्रज्ञ किंदाइची हारुहिको यांनी त्या खुणा आजच्या बोलींशी ताडून पाहिल्या आणि क्योतो घराणे जुने असून टोकियो घराणे त्यातून निघाले असे मांडले. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी १९७९ मध्ये ते ठिपके उलटे वाचावेत असे सुचवून हा क्रमच फिरवण्याचा प्रयत्न केला, परंतु बहुसंख्य जपानी अभ्यासक अजून किंदाइचींच्या बाजूने आहेत. म्हणजे आपल्या पाठ्यपुस्तकातील 'हाशी' ही धाकटी असण्याचा संभव अधिक आहे.

मुळाकाठचा

गेल्या रविवारी मी कुवानाला जाऊन आलो. सहकाऱ्याने घरी जेवायला बोलावले होते. त्याची आई नागाशिमाची, म्हणजे इबीच्या पूर्वेची आहे आणि वडील कुवानाच्या जुन्या पेठेतले. मी जेवताना मुद्दाम काड्यांकडे बोट दाखवून दोघांना नाव विचारले. वडिलांनी खालून वर म्हटले, आईने वरून खाली म्हटले. मग त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. लग्नाला ३४ वर्षे झाली, आणि आपण एकाच वस्तूचे नाव दोन तऱ्हांनी घेतो हे आजवर लक्षात आले नव्हते, असे आई म्हणाल्या. मुलगा स्वतः वडिलांसारखेच म्हणतो. लहानपणी तो आईसारखे म्हणत असे, शाळेत गेल्यावर ते आपोआप बदलले, हेही त्यांनाच आठवले.

परतताना मी नदीवरच्या पुलाकडे बोट दाखवून तोच शब्द विचारायचे ठरवले होते, परंतु तोवर सहकाऱ्याने हात जोडले.

दूरध्वनीचे म्हणाल तर सोमवारी पुन्हा "बुच्यो, मिएमासु का" असा प्रश्न आला. साहेब समोरच बसले होते. मी त्यांच्याकडे न पाहता "हाय, ओरिमासु" असे उत्तर दिले आणि फोन त्यांच्याकडे जोडून दिला. ज्येष्ठ सहकारी काही बोलले नाहीत. दुपारी एक कपाट हलवायचे होते, तेव्हा मात्र त्यांनी दुसऱ्या कोणाला न बोलावता मला हाक मारली आणि "त्सुत्ते" म्हणाले.

यात्तोकामे

कपाट उचलताना कमरेची काळजी घ्यावी. दमल्यावर "एराई" म्हणालात तरी चालेल. टोकियोत त्याचा अर्थ 'थोर' असा आहे, त्यामुळे तिकडच्या माणसाला तुम्ही स्वतःची स्तुती करत आहात असे वाटेल. इथे तुम्हाला लगेच खुर्ची आणि थंड बार्लीचा चहा मिळेल.